मुकी काठी

अहमदनगर,
रविवार, ११ फेब्रुवारी १९७३

प्रिय केशर,

सलाम.

शनिवारी न्हाऊन झाल्यावर आपण दोघी कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर केस वाळवत बसायचो, ते आज सकाळपासून सारखं आठवतंय. तुझे केस कमरेखाली, माझे उंदराच्या शेपटीएवढे. तू पुढच्या पायरीवर, मी मागच्या. मी तुझा गुंता सोडवायची आणि कितीही ओढलं तरी तू हूं की चूं करायची नाहीस, कारण दोन ते तीन मौनाचा तास असायचा आणि सिस्टर बर्नाडेट वरच्या खिडकीत माळ ओढत बसलेली असायची. दुखलं की तू माझ्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढायचीस. एक चिमटा म्हणजे 'हळू', दोन म्हणजे 'गाढवे'. पंचेचाळीस वर्षं झाली, पण ते ऊन अजून पाठीवर आहे.

इकडची खुशाली दुष्काळात असावी तशी. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही अर्धा तास. वसतिगृहातल्या मुली एका बादलीत अंघोळ आणि कपडे दोन्ही उरकायला शिकल्या आहेत. दुपारी शाळेत सुकडी वाटतात, ती लहान मुली आवडीनं खातात आणि मोठ्या नाकं मुरडून खातात. माझे गुडघे डोंगरावरच्या त्या दिवसापासून जिना चढताना कुरकुरतात. एप्रिलमध्ये मी निवृत्त होते आहे. निरोप-समारंभाची तयारी मंडळींनी आतापासून सुरू केली आहे, माझ्यापासून चोरून, म्हणजे सगळ्या नगरला कळेल अशी.

तुझ्या एस्तूच्या पायाचं प्लास्टर कधी काढणार? आत खाज सुटली की ती विणकामाची सुई खुपसेल, खुपसू देऊ नकोस. रात्री झोप लागते का तिला? अजून काही विचारते का?

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तू लिहिलंस, 'पुष्पे, तू होतीस म्हणून माझी नात मला परत मिळाली, हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.' त्या पानाची घडी मी पुन्हा उघडलेली नाही. सॅम्युएलनं टपालखात्याकडे अर्ज केला, बुधवारी एकवीस तारखेला राजूरला चौकशी आहे, आणि त्याला माझा लेखी जबाब हवा आहे, हेही समजलं. आईसारखाच नेटका आहे तुझा मुलगा. अर्जाची नक्कलसुद्धा जोडली होती. वकिली भाषा चांगली आहे. ती वाचताना आपण एखाद्या धोंड्याबद्दल वाचतोय असं वाटतं. 'सदर बाईने हलगर्जीपणे, जंगलातून जाताना वाजवण्याची घुंगरे न वाजवता, अल्पवयीन मुलीस धोक्यात लोटले.'

सदर बाईचं नाव चांगुणा. तू तिला पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. चाळिशीची असेल, काटक, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसली की लहान मुलीसारखी दिसते. कातळवाडी ही राजूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीतली वाडी. तिचा नवरा सोपान राजूरहून टपालाची थैली घेऊन वरच्या तीन वाड्यांना जायचा. आधी त्याचा बाप जायचा, त्याआधी आजा. घरात एक घुंगरांची काठी आहे, पुरुषभर उंच, टोकाला पितळी घुंगरांचा झुबका. कारवीच्या रानातून जाताना ती दर पावलाला जमिनीवर आपटायची, म्हणजे जनावराला आपली चाहूल लागते. दोन वर्षांपूर्वी सोपान तापानं गेला आणि त्याच्या जागी ही थैली नेऊ लागली. बाईच्या हाती काठी नको म्हणून वाडीतले म्हातारे कुरकुरले. हिनं ऐकलं नाही. बदली म्हणून काम करत होती, या मार्चमध्ये तिला कायम करायचा हुकूम यायचा होता. आता चौकशी होईपर्यंत थैली दुसऱ्याकडे दिली आहे.

तो दिवस तुला मी दवाखान्यात सांगितला होता. आता पुन्हा सांगते.

एकवीस जानेवारी, रविवार. आम्ही आदल्या दिवशी एस.टी.नं राजूरला पोचलो होतो, एस्तू धरून नऊ मुली, शाळेतल्या गीताबाई आणि मी. रविवारची उपासना डोंगराच्या माथ्यावर करायची ही माझी कल्पना. निवृत्त होण्याआधी मुलींना एकदा काहीतरी असं द्यावं जे फळ्यावर लिहिता येत नाही, असं मनात होतं. टपालाला सुटी असल्यामुळे चांगुणा वाट दाखवायला आली. सकाळभर तिनं मुलींना हसवून बेजार केलं. गीताबाई दर दहा पावलांवर बसायच्या, तर ही म्हणाली, "बाई, तुमी अशाच बसत ऱ्हायला तर डोंगुरच खाली यील तुमाला भेटाया." एस्तू तर तिचा पदरच सोडत नव्हती. काठी माझ्याकडे दे म्हणून मागे लागली होती. चांगुणानं दिली आणि म्हणाली, "आपट जोरात, लाजू नगं. रान त्यांचं हाय. पाव्हन्यानं आदी कडी वाजवावी."

अर्ध्या वाटेवर एक आंब्याचं झाड आहे. तिथे गीताबाईंनी हात टेकले आणि बाकीच्या मुलीही त्यांच्याभोवती बसल्या. मी म्हटलं, बसा थोडा वेळ, आम्ही पुढे होऊन माथ्यावरची जागा बघून येतो. आम्ही म्हणजे चांगुणा, एस्तू आणि मी. काठी आता पुन्हा चांगुणाच्या हाती होती. तिथून पुढे कारवीतून एक अरुंद घळ वर जाते. दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी वाळलेली कारवी, पायाखाली दगड, मधे एक झरा. तो झरा यंदा ओंजळभर उरला आहे आणि आसपासच्या डोंगरात पाणी असं तेवढंच.

केशर, मला तिथे शांतता हवी होती. तुला आठवत असेल, मोठ्या उपासनेआधी सिस्टर आपल्याला बागेतून मौनात फिरवायची. त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदा पानांचा आवाज ऐकू आला होता, आणि तो अर्धा तास मी जन्मभर मुलींना देत आले. नगरच्या शाळेच्या धुळकट मैदानातसुद्धा दिला. एस्तूलाही द्यावा असं वाटलं. शिवाय तिला भेकर, ते लाजरं लहान हरीण, पाहायचं होतं. मी चांगुणाला म्हटलं, "हे घुंगरू थोडा वेळ बंद ठेवशील का?"

ती म्हणाली, "न्हाई बाई. हितं तर वाजवायाच पायजे. खाली पानी हाय."

"म्हणूनच तर. या आवाजानं एकही जनावर दिसणार नाही."

"दिसू ने म्हनूनच वाजिवत्यात," ती हसून म्हणाली.

मी पिशवीतून रुमाल काढला आणि तिच्यापुढे धरला. काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण ते मी रोज ऐकते. मी म्हटलं, "चांगुणा, मी चाळीस वर्षं मुली सांभाळल्यात. मला ठाऊक आहे." वर्गात ज्या सुरात बोलल्यावर कुणी उलट बोलत नाही, त्या सुरात.

तिनं रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग घुंगरांभोवती तो गुंडाळून गाठ मारली. "लई मऊ हाय," एवढंच म्हणाली.

आम्ही वीस-पंचवीस पावलं गेलो असू. चांगुणा पुढे, मधे एस्तू, मागे मी. खरंच सुंदर शांतता होती. मग पाणी चाटल्याचा आवाज आला. मला वाटलं, भेकर. चांगुणा थबकली, तिचा हात गाठीकडे गेला. मी मान हलवून नको म्हटलं आणि ओठांवर बोट ठेवून एस्तूला पुढे सरकायची खूण केली.

वळणापलीकडे रानडुकरीण होती. तिची पट्ट्यापट्ट्यांची पाच-सहा पिलं झऱ्याच्या चिखलात लोळत होती आणि एक पिलू एस्तूच्या पायापासून हातभर अंतरावर होतं. आधी कळलं असतं तर ती पिलांना घेऊन केव्हाच निघून गेली असती. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात चोरासारख्या शिरलो होतो.

त्यानंतरचं सगळं, आपण प्रभूची प्रार्थना अर्धी म्हणू एवढ्या वेळात झालं. चांगुणानं एस्तूला कमरेला धरून उचललं आणि बाजूच्या खडकावर फेकलं. पाय मोडला तो तिथे, फेकल्यामुळे. डुकरिणीनं तिला स्पर्शही केला नाही. ती आली ती चांगुणावर, आणि मांडी फाडून गेली. चांगुणानं दोनदा काठी मारली. त्या काठीचा आवाज गादी झोडपल्यासारखा आला. मग पिलांना घेऊन डुकरीण खाली कारवीत घुसली. मी कुठे होते? मी दोन्ही हातांनी कारवीचे दांडे धरून उभी होते. मी काहीही केलं नाही. 'बाईंनी आरडाओरडा करून जनावर पळवलं' असं जे वर्तमानपत्रात आलं, ते गीताबाईंनी सांगितलं. त्यांनी खालून किंकाळ्या ऐकल्या होत्या. त्या एस्तूच्या होत्या.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते.

खालून मुली आणि गीताबाई धावत येताना ऐकू आल्या. एस्तू खडकावर रडत होती. चांगुणा रक्तात बसली होती आणि दोन्ही हातांनी मांडी दाबून धरत होती. आणि मी एस्तूकडे गेले नाही, चांगुणाकडे गेले नाही. मी काठीकडे गेले. गाठ रक्तानं आवळली होती, दातांनी सोडवावी लागली. रुमाल मी परकराच्या खिशात घातला. त्यानंतर मी ओरडले, "गीताबाई, लवकर या!"

चांगुणानं पाहिलं. खडकावरून एस्तूनं पाहिलं.

वाडीतले लोक डोली घेऊन आले. सगळ्यांत वडील रखमाजीबाबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी जखमेआधी काठी उचलली, हलवून बघितली. घुंगरं छान वाजली. "मंग वाजिवली का न्हाईस?" त्यांनी विचारलं. "तीन पिड्यांत हितनं काठी मुकी ग्येली न्हाई. सांगत हुतो ना, बाईचं काम न्हाई म्हनून." चांगुणानं माझ्याकडे पाहिलं. मी एस्तूचा पाय बांधत होते. मग ती म्हणाली, "चुकलं, बाबा." काठी त्यांनी वाघोबाच्या ठाण्यापाशी नेऊन ठेवली. ती तिथेच आहे. चांगुणाला हात लावायची मनाई आहे.

तू त्या वेळी दवाखान्यात डबा घेऊन यायचीस. तिसऱ्या दिवशी तू खाली औषध आणायला गेलीस आणि एस्तूनं मला विचारलं, "मॅडम, तुमचा रुमाल कुठंय?"

मी म्हटलं, "कुठला रुमाल, बाळ?"

"घुंगरांना बांधलेला."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिला तेव्हा ताप नव्हता, केशर. मी म्हटलं, "तुला तापात स्वप्न पडलं असेल." तू वर आलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं. आता तू लिहितेस की ती अधूनमधून रुमाल रुमाल करते, मग स्वतःच म्हणते, नाही, ते स्वप्न होतं, आणि गप्प होते. डॉक्टर म्हणतात धक्का बसला आहे. सॅम्युएल तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवणार आहे. दाखवू नका. तुझ्या नातीच्या डोक्यात काहीही बिघडलेलं नाही. तिचे डोळे आपल्या सगळ्यांपेक्षा नीट आहेत.

तो रुमाल मी धुतला, इस्त्री केली, आणि पुढच्या रविवारी चर्चला नेला. माझ्याकडे तसे सहा आहेत. कुठला तो, मला आता ओळखता येत नाही.

का केलं, हे तू विचारशील. एप्रिल जवळ आला होता, एवढंच उत्तर आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

गेल्या गुरुवारी मी कातळवाडीला जाऊन आले. शाळेत दाताच्या डॉक्टरांकडे जाते म्हणून सांगितलं, बघ, अजून सुटत नाही. चांगुणा अंगणात पाय पसरून वरई पाखडत होती. चौदा टाके पडलेत. चालताना पाय ओढते. मला पाहून तिनं सून घरात होती तिला हाक मारली, "चा टाक गं, शाळंच्या बाई आल्यात." मी जवळ बसले आणि विचारलं, "चांगुणा, त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? तुमी म्हनला आसता रुमाल नव्हताच. मंग मी खोटी बी ठरले आसते. आत्ता नुसती इसराळू ठरले."

तुझ्या नातीला मी तेच म्हटलं होतं.

मी रडायला लागले. माफ कर म्हणाले. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला चक्क रागावली. "माजी माफी घिऊन काय हुनार, बाई? तिला थैली उचलाया येती का? माज्याम्होरं नका रडू. थितं रखमाजीबाबा बसल्यात, त्यांच्याम्होरं बोला. साहेब येनार हाय, त्याच्याम्होरं बोला." मग जरा नरमून म्हणाली, "गाठ मी मारली, ते बी सांगा. तुमच्या गळ्यात समदं नगं. मला कळत हुतं, तरी बांदलं. शिकल्याली बाई म्हनती म्हनून बांदलं. पोरगी कशी हाय?"

तिनं पोरीचं विचारलं, केशर. इतक्या दिवसांत आपल्यापैकी कुणी तिचा पाय कसा आहे हे विचारलं होतं का?

रखमाजीबाबा पन्नास पावलांवर बसले होते, चिलीम ओढत. मी उठले, दहा-बारा पावलं गेले. त्यांनी मान वर करून "रामराम बाई" म्हटलं. मी रामराम म्हटलं आणि चारच्या गाडीला निघून आले. म्हणून तुला हे आधी लिहिते आहे. तुला कळलं की मला मागे फिरायला जागा उरणार नाही. माझ्या धैर्यावर माझा आता भरवसा नाही, तुझ्या रागावर आहे.

तू मला काय म्हणशील, ते म्हण. भेटायला येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. एक मात्र सांगते. तुझी नात मी वाचवली नाही. मी तिला ओठांवर बोट ठेवून त्या जनावराच्या तोंडी नेलं आणि चांगुणानं ओढून काढलं. उपकार विसरायचे नसतील तर पत्ता बदलून घे: चांगुणा सोपान, कातळवाडी, टपाल राजूर.

आता या पाकिटातलं कुणाला काय, ते नीट वाच.

पांढरा लिफाफा सॅम्युएलचा. त्यात माझा जबाब आहे, तारीख आणि सहीनिशी. त्यानं अर्ज मागे घ्यावा, किंवा तोच अर्ज ठेवून 'सदर बाई'च्या जागी माझं नाव घालावं. बुधवारी मी स्वतः राजूरला हजर आहे. साहेबांपुढे बोलेन, नंतर कातळवाडीला जाऊन रखमाजीबाबांपुढे बोलेन. तिथे कागदाचा उपयोग नाही, तिथे तोंडानं सांगावं लागेल. सॅम्युएलला यायचं असेल तर यावं. मी तिथे दिसले नाही, तर त्यानं हा जबाब सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचावा.

शाळेच्या मंडळाची प्रत मी आज संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी स्वतः देते आहे. समारंभाचं काय करायचं ते ते ठरवतील.

हे पत्र तुझं. ठेव किंवा जाळ.

लहान लिफाफा एस्तूचा. त्यात चारच ओळी आहेत. तो तू आधी फोडू नकोस, सॅम्युएललाही फोडू देऊ नकोस. तिच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा. ती रडली तरी लगेच आत जाऊ नकोस. तिनं हाक मारल्यावर जा. आणि ती जे सांगेल ते, या वेळी, खरं मान.

तू ठेवशील त्या नात्यानं,
पुष्पावती